नहरीतली शिंक

९ सप्टेंबर, मंगळवार

ऋतुराजनं माझ्या पाट्या काढल्या. सगळ्या! 'डोके सांभाळा', 'पुढे पायरी आहे', 'पळू नये' — पिवळ्यावर काळी अक्षरं, लांबून वाचता येतील अशी. सकाळी टॉर्च घेऊन भुयारात शिरले तर भिंती उघड्या, आणि पाट्या बाहेर कचऱ्याच्या ड्रमाशेजारी रचून ठेवलेल्या. वर कुणीतरी चहाचा कपही ठेवलेला.

त्याला गाठलं. म्हणतो कसा, "मॅडम, निजामाच्या काळात पिवळा रेडियम कुठं होता?"

म्हटलं, निजामाच्या काळात अपघाताचा विमाही नव्हता. त्यावर हसला. मला हसायचं नव्हतं.

हा पोरगा पुण्याहून आलाय, नेपथ्य करायला. कामात चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच जास्त राग येतो. फायबरचा दगड असा रंगवलाय की हात लावण्याआधीच गार वाटतो. खेळ त्याच्याच डोक्यातून निघालेला. पाहुणे म्हणजे जुन्या काळातले नहरीचे कामगार. शहराचं पाणी तुंबलंय. डोक्याला फडकं बांधायचं, कंदील घ्यायचा, जमिनीखालच्या नहरीत शिरायचं आणि अडथळा काढायचा. शेवटी धो धो पाणी सुटतं. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की लोक तसेही गच्चीवरून ओरडतात, तेव्हा शेवट जमणार यात मला शंका नाही.

शंका मधल्या बुटक्या कमानीची आहे. ती माझ्या खांद्याएवढी, आणि ओलांडल्या ओलांडल्या एक खोल पायरी. कमानीच्या वर पाण्याची टाकी उभी आहे, त्यामुळे ती आता उंचही होत नाही आणि हलतही नाही. ऋतुराज म्हणतो, वाकल्याशिवाय भुयारात शिरल्यासारखं वाटत नाही. खरं आहे. पण अंधारात वाकलेल्या माणसाला आपला पाय कुठं पडतोय ते दिसत नाही, हेही तितकंच खरं.

वाळूजच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते तेव्हा पिवळी पट्टी म्हणजे पिवळी पट्टी. मोठ्या साहेबालाही ती ओलांडू दिली नव्हती मी. इथं येऊन माझं काय झालंय?

१० सप्टेंबर, बुधवार

पाट्या परत लावल्या. या वेळी स्क्रू मारून.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्क्रूसकट गायब.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विश्वजीतदादांनी दोघांना समोरासमोर बसवलं. दादा म्हणजे या करमणुकीच्या बागेचे मालक. वेरूळच्या रस्त्याला लागून त्यांची वडिलोपार्जित शेती, त्यातल्या खडकाळ तुकड्यावर ही सगळी हौस उभी केली. माणूस सरळ आहे. चिडला की आवाज खाली जातो त्यांचा, आणि आज तो अगदी खाली गेला होता.

"मॅडम, पाहणीत नापास झालो तर दसरा गेला, दिवाळी गेली. अन् ऋतुराज, लोकायला मजा नाय आली तर त्या परवान्याला काय हार घालून ठेवायचं? मला दोन्ही पायजे. नाय जमलं तर सांगा. ट्रॉली बसवतो. लोकायला बांधून बसवायचं, भुताचे मुखवटे दाखवायचे, बाहेर काढायचं. पार विषय संपला."

ऋतुराजचा चेहरा उतरला. ट्रॉली आली की त्याची नहर गेलीच. मलाही, का कोण जाणे, ते नको वाटलं. परवा एकटीच आत फिरताना कंदिलाच्या उजेडात ती दगडी भिंत बघत मी किती वेळ उभी होते, ते कुणाला सांगितलेलं नाही.

मीच बोलून गेले, "जमेल दादा. कमानीपाशी प्रत्येक माणूस थांबला पाहिजे आणि त्यानं माझं ऐकलं पाहिजे, एवढंच आहे."

एवढंच! जीभ आवरायला कधी शिकणार मी.

ठरलं असं — पाट्या नाहीत. रेकॉर्ड केलेली सूचना लावायची.

१४ सप्टेंबर, रविवार

सूचना वाजली. कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं बोलावली होती. छान चालली होती मंडळी, कंदील हलवत, दबक्या आवाजात बोलत. आणि वरून आवाज आला — 'कृपया लक्ष द्या. पुढील मार्ग अरुंद आहे.'

एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "कुठली गाडी लागली हो?"

सगळा घोळका खो खो हसला. मग कुणी शिट्टी मारली, कुणी "कन्नडवाले चला" म्हणून ओरडलं. भुयार गेलं, बसस्टँड झालं. आणि त्या हशात सूचना कुणीही ऐकली नाही, म्हणजे माझंही काम गेलं. ऋतुराज माझ्याकडे बघत होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहाटे नळाला पाणी आलं. आईनं उठवलं, दोघींनी मिळून टाकी, बादल्या, पातेली, सगळं भरलं. ऑफिसात दिवसभर जांभया.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिदिनाची सुट्टी. दादांची भावकी जमली होती, त्यांनाच आत सोडलं.

या वेळी ऋतुराजची युक्ती. सूचना नाटकातच घालायची. कमानीपाशी नहरीची राखणदारीण उभी असते — ती सरूबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, शिकवता शिकवता हौशी रंगभूमी गाजवली. बाई अशा भारदस्त की नुसत्या उभ्या राहिल्या तरी आपण पाठ्यपुस्तक विसरून आलोय असं वाटतं. त्यांनी हात वर केला आणि गरजल्या, "थांबा! या कमानीपलीकडं मरण आहे!"

माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी सगळी भावकी "हर हर महादेव" करत कमानीवर तुटून पडली!

दादांचा चुलतभाऊ सुदर्शन सर्वांत पुढं. कपाळ कमानीवर, पाय पायरीवरून हवेत. घोटा सुजला, कपाळावर टेंगूळ. देवाच्या दयेनं एवढ्यावर निभावलं. बर्फ लावताना त्याला विचारलं, "बाईंनी थांबा म्हटलेलं ऐकू आलं नाही का?"

"आलं की. मला वाटलं नाटकातलं बोलतेत."

नाटकातलंच बोलत होत्या. गोची हीच तर आहे. बाहेरून सांगितलं तर मजा मोडते आणि कुणी ऐकत नाही. आतून सांगितलं तर मजा वाढते आणि कुणी खरं मानत नाही. मरण म्हटलं की यांना ते बघायचंच असतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दादांनी ट्रॉलीवाल्याला फोन केला. माझ्यासमोर.

२१ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

शेवटची तालीम म्हणून कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट बोलावला होता. सरूबाई, ऋतुराज आणि मी, तिघंही तोंड पाडूनच उभे. मी कमानीच्या अलीकडं अंधारात, ऋतुराज पलीकडं, पाय घसरला तर धरायला. दिवे आणि धूर सांभाळणाऱ्या गोकुळनं सरूबाईंच्या शेजारच्या विजेच्या धुपाटण्यात आज ऊद जरा जास्तच टाकला. (खरा निखारा ठेवायचा होता ऋतुराजला. माझ्या हयातीत नाही.)

गट आला. पोरं अगदी रंगात, पुढची दोघं जवळजवळ पळतच. सरूबाईंनी हात वर केला, तोंड उघडलं — आणि शिंकल्या. एकच. पण काय शिंक! शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी.

सगळे जागच्या जागी थांबले.

सगळे म्हणजे सगळे. पुढच्या मुलाचा उचललेला पाय मागं आला. मागून कुणीतरी म्हणालं, "रुक रे, छींक हुई." पैठणची एक मुलगी होती, तिनं मैत्रिणीचा हात ओढला, "बस गं जरा. पाणी पी, मग जाऊ." आणि कुणी न सांगता ती पोरं भिंतीकडेच्या कट्ट्यावर टेकली! एकानं तिथल्या माठात पेला बुडवला. माठ फायबरचा, आत काही नाही. तो बिचारा रिकाम्या पेल्याकडं बघत बसला.

कारखान्यात मी भोंगे वाजवले, शिट्ट्या फुंकल्या, लाल दिवे लावले. इतकी माणसं एका दमात इतकी पक्की थांबलेली मी आजवर बघितली नव्हती. घरातून निघताना कुणी शिंकलं की थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं — यातलं कुणी ते मनापासून मानत असेल असंही नाही. त्यातल्या एकाच्या टी-शर्टवर रॉकेट होतं. पण पाय थांबले. माझेही थांबले होते, आणि मी तर कुठं जातही नव्हते.

कमानीतून ऋतुराजनं डोकं बाहेर काढलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या पोराशी माझं पहिल्यांदाच काहीतरी न बोलता जमलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी देवीला नमस्कार करून सरूबाईंकडं गेले, कारण आज त्यांचीच जास्त आराधना करावी लागणार होती.

"अगं, मी राण्या केल्यात, जिजाबाई केल्यात, पहिल्या नंबरची बक्षिसं आहेत माझ्याकडं. आणि तू मला शिंकायला लावतेस?"

"बाई, शिंकायचं नाहीये. शिंक वठवायचीय."

"तेच ते."

ऋतुराज कामी आला. म्हणाला, रडणं कुणालाही जमतं, हसणंही जमतं, पण खोटी शिंक खरी वाटणं हे कुठल्याही नटाला अवघड. बाई उठून आरशासमोर गेल्या. अर्ध्या तासानं त्यांच्या सूनबाई आतून विचारत होत्या, "आई, काढा करू का?"

सगळा प्रसंग नव्यानं बसवला. मरण नाही, धोका नाही, सावधान नाही. कमानीआधी शिंक. लोक कट्ट्यावर टेकतात. माठ खरा आणला, त्यात खरं पाणी. बाई पेला हातात देत देत घरच्यासारखं सांगतात — वाका, डावा हात भिंतीला, कमान संपली की आधी पाय खाली, मग डोकं वर. लग्नाला निघालेल्या पोरांना मावशी सांगते तसं. पाणी पिणारा माणूस बोलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याला ऐकावंच लागतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज जवळजवळ घात झाला.

सरूबाई रंगात आल्या आणि लागोपाठ दोनदा शिंकल्या. म्हणे दुसरी ओघात आली. लोक कट्ट्याकडं वळलेले, एक आजोबा म्हणाले, "दोन आल्या, आता चला बिनधास्त." आणि सगळी वरात कमानीकडं! ऋतुराजनं आडवा होऊन अडवली.

चूक माझीच. एक आली तर थांबायचं, दुसरी आली तर निघायचं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना पाठ असतं. मला पाठ होतं. कागदावर उतरवताना विसरले.

चहा पिताना एकदम सुचलं. मग दुसरी शिंक ठेवूया की! सगळं सांगून झालं, पेले खाली ठेवले, की बाईंनी दुसऱ्यांदा शिंकायचं. म्हणजे निघा. एक लाल दिवा, एक हिरवा दिवा, आणि दोन्ही निजामाच्या काळातले. ऋतुराजनं चहाचा कप कपाळाला लावून मला मुजरा केला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दादांना दाखवलं. आवडलं, पण कपाळावर आठी.

"भारीय. पण मॅडम, अंधश्रद्धा पसरवतेत म्हणून कुणी बोंब मारली तर?"

उत्तर सरूबाईंनी दिलं, जागेवर, राखणदारणीच्या आवाजात — "शिंकेनं काही होत नसतं रे लेकरांनो, मला मेला ऊद सोसत नाही. पण थांबलाच आहात तर दोन गोष्टी ऐका."

दादा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. वाक्य कायम. बक्षिसं उगाच नाही मिळाली बाईंना.

२९ सप्टेंबर, सोमवार

पाहणी. काल रात्री जेवण गेलं नाही.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. सोबत दोघं, हातात फायली. पहिल्यांदाच सांगितलं, "मला आधी काही सांगू नका. पाहुण्यासारखं जाऊ द्या." मी मागून चालले, जीव मुठीत धरून. साहेबांनी कंदील घेतला, फडकं मात्र नको म्हणाले. कमान आली. सरूबाई शिंकल्या.

साहेब थांबले! माठाकडं बघितलं. कट्ट्यावर बसले. पाणी प्यायले. दुसरी शिंक आल्यावर उठले, वाकले, डावा हात भिंतीला, पाय खाली, डोकं वर. पुढं पाणी सुटलं तेव्हा चेहऱ्यावर तुषार उडाले, ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत.

बाहेर येऊन मात्र फाईल उघडली. "कमानीची सूचना कुठं दिलीत तुम्ही? मला तरी दिसली नाही."

म्हटलं, "साहेब, कमानीच्या आधी तुम्ही काय काय केलंत, तेवढं सांगा."

सांगू लागले. "थांबलो. बसलो. मग वाकलो, हात..." आणि मध्येच थांबले. सोबतच्या दोघांकडं बघितलं. ते दोघंही तसेच आले होते.

"हीच सूचना," मी म्हणाले. आवाज कापला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

साहेब हसले नाहीत. सही केली. दोन अटी घातल्या — आग विझवायचं नळकांडं लालच राहील आणि समोर दिसेल, आणि एका बटणात सगळे दिवे लागले पाहिजेत. नळकांडं तपकिरी रंगवायला निघालेला ऋतुराज मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. नहर उघडली!

सकाळपासून रांग फाटकाबाहेर. गटामागून गट, आणि प्रत्येक गट कमानीपाशी थांबला. मी अंधारात उभी राहून बघत होते. काही थांबतात, मग एकमेकांकडं बघून हसतात, मग तरीही बसतात. ते हसणं मला फार आवडलं. शेवटी पाणी सुटल्यावर जो ओरडा होतो तो पार्किंगपर्यंत ऐकू येतो. एक बाई ओल्या हातांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "आमच्या गल्लीत कवा सोडता?"

आईला आणलं होतं. आईचं लहानपण मेंढरांमागं माळावर गेलं, अंधाराचं तिला काही वाटत नाही. सगळं बघून बाहेर आली. मी विचारलं, कसं वाटलं? "पाणी लई गार हाय. अन् त्या बाईला औषध द्या कुणीतरी, पार बेजार झालीय."

सरूबाईंना सांगितलं. पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा झाला.

५ ऑक्टोबर, रविवार

एका पाहुण्यानं बागेच्या फेसबुकच्या पानावर लिहिलंय — 'सेफ्टीची कटकट अजिबात नाही, एकदम खरंखुरं वाटतं.'

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. कारखान्यात मला उत्कृष्ट सुरक्षेची ढाल मिळाली होती, तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

फर्दापूरहून एक हॉटेलवाले आले होते, त्यांना अजिंठ्याच्या लेण्यांजवळ असंच काही करायचंय. विचारत होते, सुरक्षेचं कसं सांभाळलं? ऋतुराज माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "त्यांना विचारा. नहर त्यांची आहे." मी काहीतरी पुटपुटले. घरी येईपर्यंत तेच वाक्य कानात होतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्ट्या, तुफान गर्दी. दुपारचा गट आत होता. मी बाहेरच्या दाराशी रांग बघत होते. आतून शिंक ऐकू आली. नेहमीपेक्षा लवकर — गट अजून कट्ट्यापर्यंतही पोचला नव्हता. मनात आलं, बाई आज घाईत आहेत. तेवढ्यात धाडकन आवाज.

धावले. कमानीवरचा फायबरचा दगड, मागच्या लोखंडी पट्टीसकट, खाली आला होता. बरोबर तिथं, जिथं वाकलेली माणसं एकामागून एक असतात. आणि गट? गट चार पावलं अलीकडं, जागच्या जागी उभा. कुणाला ओरखडाही नाही.

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या!

गोकुळनं बटण दाबून दिवे लावले. मी हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांना बाजूच्या दारानं बाहेर काढलं. एक जण विचारत होता, "दगड दर वेळी कसा काय पाडता हो?" दुसऱ्याची तक्रार, पाणी सुटायचं राहिलं. पुढच्या वेळी या म्हटलं, तुम्हाला पहिला नंबर. एकालाही कळलं नाही. घाबरगुंडी नाही, चेंगराचेंगरी नाही. भोंगा वाजवला असता तर त्या अरुंद जागेत काय झालं असतं, ते मला माहीत आहे. कारखान्यात बघितलंय.

परत आत गेले तर सरूबाई कट्ट्यावर बसलेल्या, पेला हातात धरून. दुसरी शिंक काही त्यांनी दिली नव्हती. गोकुळ म्हणाला, आज बाई शिंकल्या तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही, सगळे एकदम गार. मी बाईंना मिठी मारली. वरची करकर त्यांना आधी ऐकू आली असणार, आणि ओरडायच्या ऐवजी त्या शिंकल्या! केवढं प्रसंगावधान! अहवालात तेच लिहिलं — कर्मचाऱ्याच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला.

बाई नुसत्या पेला हातात फिरवत राहिल्या. धक्का बसला असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

मिस्त्री सकाळीच आला, तो दगड आणि पट्टी नवीन बसवली. दुपारी नहर पुन्हा चालू.

त्याआधी दादांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. सरूबाईंना शाल, नारळ, पेढे. दादांचं भाषण असं नाहीच, पण बोलले. "लोक म्हणायचे, भुयार कशाला, ट्रॉली बसव. मीबी म्हणायचो. काल या बाईनं अन् आपल्या मॅडमनं माझं घर वाचवलं." आवाज खाली गेला त्यांचा. या वेळी रागानं नाही.

ऋतुराज म्हणाला, "तुमच्या पाट्यांनी हे झालं नसतं, मॅडम." मी म्हटलं, नसतंच झालं. आणि ते म्हणताना मला जराही टोचलं नाही. उलट आज पहिल्यांदा वाटलं की मी जे काम करते ते सुंदर असू शकतं. कुणाला दिसू नये इतकं सुंदर. आईला फोन केला आणि उगाच रडले.

सरूबाईंनी शाल खांद्यावर घेतली नाही. हातातच धरून उभ्या होत्या. फोटोत सगळे हसतायत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सरूबाई दुपारी ऑफिसात आल्या. शाल घडी करून पिशवीत आणलेली. दार लावून घेतलं.

"प्रांजली, मला करकर-बिरकर काही ऐकू आली नव्हती गं. ऊद नाकात गेला. ती खरीच शिंक होती."

म्हणजे दगड सुटत होता तेव्हा वर कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांचं नाही, गोकुळचं नाही. आणि वर बघणं हे ज्या बाईचं काम होतं, ती बाहेर रांग बघत होती.

दादांना सांगून आले. नहर उद्यापासून बंद. कमानीवरच्या टाकीखालचा दगड न् दगड मी स्वतः ठोकून बघणार आहे.